ऑनलाइन लेखनातील प्रकाशनवारंवारता

ऑनलाइन लेखनातील प्रकाशनवारंवारता : एखादा लेखक ठरावीक काळात किती मजकूर वाचकांपुढे ठेवतो आणि दोन मजकुरांत किती अंतर राखतो, त्याचे प्रमाण. रोज एक, आठवड्याला दोन, महिन्याला एक असे ते सांगितले जाते. लेखनावर पोट असणाऱ्यांना हा आकडा फार जवळचा वाटतो. वाचकांची संख्या, जाहिरातीचा दर, शोधयंत्रातले स्थान यांपैकी काहीच त्यांच्या हातात नसते. किती वेळा प्रकाशित करायचे हे मात्र असते. म्हणून ‘जास्त लिहिले तर जास्त मिळेल का?’ हा प्रश्न सतत निघतो. लेखकाला पैसे नेमके कशाचे मिळतात, यावर त्याचे उत्तर ठरते. पानावर दिसलेल्या जाहिरातीचे, वाचनात गेलेल्या वेळाचे, वाचलेल्या पानांचे आणि वर्गणीचे हिशेब वेगवेगळे आहेत आणि एकाला लागू पडणारी वारंवारता दुसऱ्याला नुकसानीची ठरू शकते.

ठरावीक अंतराने लिहून कमावण्याची रीत इंटरनेटच्या आधीची आहे. चार्ल्स डिकन्सची पहिली कादंबरी १८३६ पासून मासिक हप्त्यांत निघाली आणि १८५० पासून त्याने स्वतःचे साप्ताहिकही चालवले. तेव्हा हे अंतर छापखाना, कागद आणि वितरण मिळून ठरवत. ऑनलाइन लेखनात हा अडसर गेला. एका लेखाची छपाई आणि शंभर लेखांची छपाई यांच्या खर्चात फरक उरला नाही आणि अंतर ठरवण्याचा भार सगळाच लेखकावर आला.

२००३ मध्ये गूगलची अ‍ॅडसेन्स सेवा सुरू झाली आणि एकट्या लेखकालाही स्वतःच्या पानावर जाहिराती लावून पैसे मिळवता येऊ लागले. या व्यवस्थेत उत्पन्न पान किती वेळा उघडले गेले याच्याशी बांधलेले असते. जितकी पाने जास्त, तितक्या वेगवेगळ्या शोधांतून वाचक येण्याच्या वाटा जास्त. म्हणून वारंवारतेला इथे खरे मोल आहे. शोधातून वाचला जाणारा लेख पहिले काही महिने जवळपास निपचित पडून राहतो आणि पुढे वर्षानुवर्षे थोडेथोडे कमावत राहतो. अशा लेखकाचे उत्पन्न या महिन्यात काय लिहिले यापेक्षा आजवर काय साठले यावर जास्त अवलंबून असते. याच तर्काचे टोक म्हणजे लोक काय शोधतात ते पाहून घाऊक भावाने हजारो उथळ लेख लिहून घेणाऱ्या कंपन्या. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल करून अशा मजकुराला खाली ढकलले. त्या वर्षी जानेवारीतच भांडवल बाजारात आलेल्या डिमांड मीडिया या कंपनीला त्याचा मोठा फटका बसला. प्रकाशित करण्याचा वेग म्हणजे क्रमवारीत वर जाण्याचा निकष नव्हे, हे गूगलच्या प्रतिनिधींनीही सांगितले आहे. ताज्या मजकुराला झुकते माप मिळते ते बातम्या, निकाल, दर अशा बदलत्या विषयांत. पाणी का उकळते हे सांगणाऱ्या लेखाला तारखेचा काही फायदा नाही.

मोबदल्याचा नियम बदलला की लिहिण्याची चाल कशी बदलते, हे वाचकाला वर्गणी भरून हवी तितकी ई-पुस्तके वाचू देणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड या योजनेत लख्ख दिसते. ती २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा वाचकाने पुस्तकाचा दहा टक्के भाग ओलांडला की लेखकाला पूर्ण वाटा मिळे. वीस पानांच्या पुस्तिकेला आणि चारशे पानांच्या कादंबरीला रक्कम एकच. साहजिकच लेखक एका गोष्टीचे तुकडे पाडून एकामागून एक बाजारात आणू लागले. जुलै २०१५ पासून वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे देणे सुरू झाले आणि तुकडे पाडण्याचा फायदा संपला.

मीडियम या मंचावर २०१७ मध्ये लेखकांना पैसे देण्याची योजना आली, तेव्हा वाचकांनी दिलेल्या टाळ्या मोजल्या जात. २०१९ च्या अखेरीस मोजमाप सभासदांच्या वाचनवेळावर आले. या पद्धतीत नुसती लेखांची संख्या फसवी ठरते. वाचकसंख्या सारखी धरली आणि लेखकाने महिन्यात बारा छोटे लेख लिहिले, प्रत्येकावर वाचक अर्धा मिनिट थांबला, तर एकूण सहा मिनिटे होतात. त्याऐवजी तीनच लेख लिहिले आणि प्रत्येक पाच मिनिटे वाचला गेला, तर पंधरा. मेहनत कदाचित तेवढीच, पण मिळकतीच्या दृष्टीने दुसरा मार्ग अडीचपट.

उलट टोक पाहायचे तर चिनी वेब-कादंबऱ्यांकडे पाहावे लागते. चिदियान या संकेतस्थळाने २००३ मध्ये सशुल्क प्रकरणांची पद्धत आणली. वाचक दर हजार चिन्हांमागे अगदी किरकोळ रक्कम देतो, म्हणजे लांबी आणि नियमितपणा यांचे थेट पैसे होतात. रोज नवे प्रकरण देणे हा तिथला शिरस्ता आहे आणि महिनाभर एकही दिवस न चुकवणाऱ्यांना हजेरीचा वेगळा भत्ता देण्याची प्रथाही आहे. तांग जिया सान शाओ या टोपणनावाने लिहिणारा लेखक वर्षानुवर्षे न चुकता रोज प्रकरण दिल्याबद्दल प्रसिद्ध झाला. इथे वारंवारता हीच मालाची मुख्य खूण आहे, कारण उद्या पुढे काय होणार यासाठीच वाचक पैसे मोजतो.

वर्गणीवर चालणारे लेखन सर्वांत नाजूक. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या सबस्टॅकसारख्या सेवा लेखकाचे लेखन ईमेलने पत्ररूपात वर्गणीदारांना पोचवतात आणि लेखकाला मिळणाऱ्या वर्गणीतून दहा टक्के वाटा घेतात. बाकी, पैसे वळते करण्याचे शुल्क वजा जाता, लेखकाचे. उत्पन्न वाढते ते नवे वर्गणीदार आल्याने आणि टिकते ते जुने न गेल्याने. हा दुसरा भाग बहुतेक जण कमी लेखतात. दरमहा पाच टक्के गळती असेल तर आजच्या १,००० वर्गणीदारांपैकी वर्षाअखेर सुमारे ५४० उरतात. दोन टक्के असेल तर सुमारे ७८५. फार क्वचित लिहिले तर नूतनीकरणाच्या वेळी ‘हे कशाला चालू ठेवले होते?’ असा विचार वाचकाच्या मनात येतो. फार वारंवार लिहिले तर न वाचलेल्या पत्रांचा ढीग साचतो आणि त्या ओझ्यापायीही तो वर्गणी बंद करतो. तंत्रज्ञान-व्यवसायावर लिहिणाऱ्या बेन थॉम्पसन याने २०१४ मध्ये स्ट्रेटेचरी हे प्रकाशन वर्गणीवर आणताना एक मधला रस्ता काढला: आठवड्याला एक मोठा लेख सर्वांना मोफत, आणि पैसे देणाऱ्यांना आठवड्यात अनेकदा येणारी टिपणे. मोफत लेखाने नवे लोक येतात, टिपणांनी आलेले टिकतात. दोन कामांना दोन वारंवारता ठेवण्याची ही पद्धत पुढे पुष्कळांनी उचलली आणि ती उचलण्याजोगीच आहे.

जास्त लिहिणारे जास्त कमावतात, असे आकडे दाखवून सांगितले जाते तेव्हा कारण आणि परिणाम यांची उलटापालट होण्याचा धोका असतो. ज्याला लेखनातून पुरेसे मिळते तो नोकरी सोडून पूर्णवेळ लिहू शकतो, म्हणून त्याचे लेख जास्त दिसतात. रोज लिहून काहीच न मिळाल्यामुळे थांबलेले लोक अशा गणतीत येतच नाहीत. नवशिक्याला मात्र वारंवार लिहिण्याचा एक फायदा निश्चित आहे: हात बसतो आणि कोणता विषय वाचकाला धरून ठेवतो हे लवकर कळते. पैसा त्यानंतरचा.

वेग वाढवल्यावर लेखातून नेमके काय कमी होते, हे एका लेखाच्या कामावरून समजते. आठशे शब्दांचा माहितीपर लेख घेतला तर टंकलेखन हा त्यातला छोटा भाग. आधीचे लेखन चाळणे, सनावळ्या मूळ दस्तऐवजाशी ताडून पाहणे, मसुदा एक रात्र बाजूला ठेवून पुन्हा वाचणे, घुटमळणारा पहिला परिच्छेद कापणे, मथळा चारदा बदलणे, चित्राची परवानगी मिळवणे यांत खरा वेळ जातो. आठवड्याला एकाचे दोन लेख झाले की आधी पडताळणी जाते, मग दुसरे वाचन. वाचकाला हे पहिल्या दिवशी कळत नाही. पण चुकीची तारीख एकदा सापडली की तो त्या लेखकाचे जुने लेखही शंकेने वाचू लागतो.

वेगाची किंमत लेखकाच्या शरीरालाही द्यावी लागते. राजकीय भाष्यकार अँड्र्यू सलिव्हन याचा ‘द डिश’ हा ब्लॉग दिवसभर नव्या नोंदी देत असे. २०१३ मध्ये तो वर्गणीवर आला आणि सुमारे ३०,००० वर्गणीदार मिळवूनही २०१५ च्या सुरुवातीला सलिव्हनने तो थांबवला. थकवा आणि प्रकृती ही कारणे त्याने उघडपणे दिली. २०२० मध्ये तो परतला तो साप्ताहिक घेऊन. पैसे येत असूनही वेग सोसवेना, अशी वेळ येऊ शकते, आणि वेळापत्रक ठरवताना ही शक्यता उत्पन्नाच्या अंदाजाइतकीच गंभीरपणे धरायला हवी.

यंत्राने मजकूर तयार करणे सोपे झाल्यापासून निव्वळ संख्येवर मंचच मर्यादा घालू लागले आहेत. अ‍ॅमेझॉनने सप्टेंबर २०२३ मध्ये स्वयंप्रकाशन करणाऱ्यांना दिवसाला तीन नवी शीर्षके ही कमाल मर्यादा घातली. मार्च २०२४ मध्ये गूगलने शोधातली क्रमवारी हाताळण्यासाठी घाऊक प्रमाणात बनवलेला मजकूर, तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने, आपल्या धोरणात गैरवापर म्हणून नोंदवला.

व्यवहारात टिकणारे लेखक सहसा सर्वांत वाईट आठवड्यातही पाळता येईल अशी वारंवारता जाहीर करतात आणि दोन-तीन तयार लेख हाताशी राखून ठेवतात. जुने, वाचले जाणारे लेख दुरुस्त करून अद्ययावत करणे हेही ते प्रकाशनाइतकेच काम मानतात. शोधातून येणाऱ्या वाचकासाठी ते अनेकदा नव्या लेखापेक्षा जास्त लाभाचे असते. रजा घ्यायची झाल्यास सबस्टॅक आणि पेट्रिऑन (चाहत्यांकडून वर्गणी घेण्याचा मंच) या दोन्ही ठिकाणी वर्गणीची आकारणी तात्पुरती थांबवण्याची सोय आहे. ती वापरताना परतण्याची तारीख वर्गणीदारांना आधी कळवणे इष्ट.