रक्तवाहिनीजनन-रोधक वनस्पतिजन्य संयुगे

कर्करोगाच्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या फुटू न देणारे किंवा फुटलेल्या वाहिन्या बंद पाडणारे, वनस्पतींपासून मिळणारे रेणू. मूळच्या रक्तवाहिनीला नवे फाटे फुटण्याच्या क्रियेला रक्तवाहिनीजनन (अँजिओजेनेसिस) म्हणतात. गर्भाची वाढ, जखम भरणे आणि मासिक पाळीनंतर गर्भाशयाचे अस्तर पुन्हा तयार होणे या गोष्टी तिच्याशिवाय होत नाहीत. एरवी प्रौढ शरीरात ही क्रिया जवळजवळ थांबलेली असते. कर्करोगाची गाठ ती पुन्हा चालू करते आणि चालूच ठेवते.

केशवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन ऊतीत साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच पोचतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. म्हणूनच स्वतःच्या वाहिन्या नसलेली गाठ १ ते २ मिलिमीटरच्या आसपास अडकून पडते. अमेरिकन शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा विचार मांडला : गाठीची रसद तोडली तर गाठ वाढणार नाही. सुरुवातीला फार थोड्यांना तो पटला. पुढे वाहिनीच्या अंतःस्तरीय पेशींना (वाहिनीला आतून अस्तरासारख्या असणाऱ्या पेशींना) वाढीचा इशारा देणारे व्हीईजीएफ हे प्रथिन हाती लागले. त्याला पकडून निकामी करणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या प्रतिपिंडाला २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली आणि फोकमन यांची कल्पना दवाखान्यापर्यंत पोचली. हे औषध वनस्पतीपासून आलेले नाही. पण वनस्पतिजन्य रेणूंचे मोजमाप आज त्याच्याच शेजारी ठेवून करावे लागते.

कार्यपद्धती : गुदमरलेल्या पेशीत एचआयएफ-१ नावाचे प्रथिन साचते आणि ते व्हीईजीएफचे जनुक जागे करते. (पेशी ऑक्सिजनची कमतरता कशी ओळखतात, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.) व्हीईजीएफ शेजारच्या वाहिनीपर्यंत जाऊन तिथल्या अंतःस्तरीय पेशींवरच्या ग्राहींना (बाहेरचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटते. मग त्या पेशी भोवतीचा आधारपडदा एन्झाइमांनी विरघळवतात, गाठीच्या दिशेने सरकतात, विभागतात आणि शेवटी नळीच्या आकारात जुळतात. वनस्पतिजन्य रेणू या साखळीतली वेगवेगळी कडी पकडतात. कुणी एचआयएफ-१ साचू देत नाही, कुणी ग्राहीचा संदेश आत जाऊ देत नाही, तर कुणी पडदा विरघळवणारी एन्झाइमे रोखतो. मात्र आजवरची सर्वांत ठोस कामगिरी सूक्ष्मनलिकांवर, म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्यावर, घाव घालणाऱ्या रेणूंची आहे.

सूक्ष्मनलिकांवर काम करणारे रेणू : सदाफुलीतले व्हिनब्लास्टिन १९५८ मध्ये कॅनडात वेगळे केले गेले. पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतल्या पॅक्लिटॅक्सेलची रचना वानी आणि वॉल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. हे दोन्ही रेणू पेशीविभाजन थांबवणारी औषधे म्हणून वापरात आले. त्यांचा वाहिन्यांवरचा परिणाम नंतर लक्षात आला. अंतःस्तरीय पेशी या औषधांना इतक्या हळव्या असतात, की कर्कपेशी मारायला लागणाऱ्या मात्रेपेक्षा पुष्कळच कमी मात्रेत त्यांचे सरकणे आणि जुळणे थांबते. यातूनच २००० च्या सुमारास ‘मेट्रोनोमिक’ उपचाराची कल्पना पुढे आली : तीन आठवड्यांतून एकदा मोठा डोस देण्याऐवजी लहान डोस न चुकता, वरचेवर द्यायचा, म्हणजे दोन डोसांमधल्या विश्रांतीत वाहिन्यांना सावरायला वेळच मिळत नाही.

कॉम्ब्रेटास्टॅटिन ए-४ ची गोष्ट वेगळी आहे आणि या नोंदीत तिला अधिक जागा देणे योग्य ठरेल. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्ब्रेटम कॅफ्रम या झाडापासून जॉर्ज पेटिट यांच्या गटाने अॅरिझोनात हा रेणू वेगळा केला आणि १९८९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो नव्या वाहिन्या रोखत बसत नाही, असलेल्याच पाडतो. गाठीतल्या वाहिन्या घाईघाईत उभ्या राहिलेल्या असतात : वाकड्यातिकड्या, गळक्या, बाहेरून आधार देणाऱ्या पेशींचे वेष्टन अपुरे. त्यांच्या अंतःस्तरीय पेशींचा चपटा आकार बऱ्याच अंशी सूक्ष्मनलिकांवर टिकून असतो. कॉम्ब्रेटास्टॅटिन त्या नलिका मोडतो, तशा पेशी फुगून गोल होतात, वाहिनीची पोकळी बुजते आणि काही तासांतच गाठीचा गाभा रक्ताविना मरू लागतो. अडचण कडेला उरते. गाठीच्या बाहेरच्या थराला शेजारच्या निरोगी वाहिन्यांतून रक्त मिळत राहते आणि तिथून ती पुन्हा वाढते. म्हणून हे औषध पुढे बहुतेकदा दुसऱ्या औषधाच्या जोडीने तपासले गेले. अॅनाप्लास्टिक थायरॉइड कर्करोगाच्या (थायरॉइडच्या अतिशय आक्रमक कर्करोगाच्या) ८० रुग्णांवरील चाचणीत ते केमोथेरपीसोबत दिले, तेव्हा मध्यक जगण्याचा काळ ४.० महिन्यांवरून ५.२ महिने झाला. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर मात्र टिकला नाही. प्राण्यांत गाभाच्या गाभा जाळून टाकणारा रेणू माणसात एवढ्यावर थांबावा, हे या क्षेत्राचे खरे दुखणे आहे.

आहारातील पॉलिफेनॉल : लोकांच्या कानावर जास्त पडतात ती नावे या गटातली. हळदीतले करक्यूमिन, सोयाबीनमधले जेनिस्टीन, द्राक्षाच्या सालीतले रेस्व्हेराट्रॉल, हिरव्या चहातले ईजीसीजी. या संशोधनाचा पाया भक्कम आहे. १९९३ मध्ये फोटसिस आणि सहकाऱ्यांनी वनस्पतिप्रधान आहार घेणाऱ्यांच्या लघवीतून जेनिस्टीन शोधून ते अंतःस्तरीय पेशींची वाढ रोखते, हे दाखवले. १९९९ मध्ये यिहाई काओ आणि रेनहाई काओ यांनी उंदरांना पाण्याऐवजी हिरवा चहा पाजला, तेव्हा त्यांच्या डोळ्याच्या पारपटलात नव्या वाहिन्या कमी फुटल्या.

प्रश्न मात्रेचा आहे. जेनिस्टीनच्या त्याच अभ्यासात पेशींची वाढ निम्म्यावर आणायला ५ मायक्रोमोलर (द्रावणातल्या संहतीचे एकक) पुरले, पण नळ्या तयार होणे निम्म्यावर आणायला १५० मायक्रोमोलर लागले. सोयाबीन खाणाऱ्याच्या रक्तात ही दुसरी पातळी येत नाही. करक्यूमिनची स्थिती आणखी अवघड आहे. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यात नीट शोषले जात नाही आणि जे शोषले जाते त्यालाही आतडे व यकृत लगेच ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट हे रासायनिक गट जोडून बाहेर काढतात. काही ग्रॅम गिळूनही रक्तात मुक्त करक्यूमिन अत्यल्प सापडते. शिवाय ते अनेक प्रथिनांना चिकटते, धातूंना धरते, स्वतः चमकते आणि द्रावणात मोडते. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या चाचण्या ‘परिणाम झाला’ असे खोटेच सांगू शकतात. औषधरसायनाच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये याचा सविस्तर आढावा घेऊन हा इशारा दिला.

नाळेच्या शिरेतल्या पेशींच्या नळ्या, कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाभोवतीचे पातळ आवरण, उंदराच्या महारोहिणीचा तुकडा, झेब्राफिशचा पारदर्शक गर्भ : बहुतेक दावे या कसोट्यांवर उभे असतात. त्या उपयोगी आहेत, पण पहिली पायरी म्हणूनच. ताटलीतल्या पेशींवर थेट ओतलेला अर्क आणि पोटातून गेलेला घोट यांत केवढे अंतर आहे, हे बातमीत सांगितले जात नाही. आशेवर जगणाऱ्या रुग्णाला ते आधी सांगायला हवे.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूतही इथे घातक ठरते. २००९ मध्ये असे आढळले की ईजीसीजी हे मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावरच्या बोर्टेझोमिब या औषधाच्या रेणूला सरळ जोडले जाते आणि प्रयोगशाळेत व उंदरांत त्याचा परिणाम पुसून टाकते. पूरक म्हणून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्तात दिसू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले. कपातून प्यायलेल्या चहाची आणि गोळीतल्या अर्काची गोष्ट एक नाही. शिवाय वाहिन्या रोखणारा रेणू खरोखर प्रभावी असेल, तर तो जखम भरणेही लांबवणार. बेव्हॅसिझुमॅब शस्त्रक्रियेआधी काही आठवडे थांबवतात ते याच कारणाने, आणि गर्भावस्थेत असे औषध टाळतात त्यामागेही हाच विचार आहे.

पुरवठा : पॅक्लिटॅक्सेल सालीत अगदी थोडे असते आणि साल काढली की यूचे झाड मरते. त्यामुळे १९९० च्या सुमारास औषधाची गरज आणि जंगल यांचा सरळ झगडा उभा राहिला. युरोपीय यूच्या पानांत त्याचा जवळचा पूर्वरूप रेणू सापडला. पाने पुन्हा फुटतात, म्हणून तोडगा निघाला. पुढे यूच्या पेशी टाक्यांत वाढवून औषध मिळवण्याची पद्धतही रुळली. कॉम्ब्रेटास्टॅटिनला झाडाची गरजच उरली नाही. दुहेरी बंधाने जोडलेली अणूंची दोन कडी (वलये), इतकी त्याची रचना सुटसुटीत आहे आणि ती प्रयोगशाळेत बनते. सांभाळावे लागते ते एवढेच, की दोन्ही कडी बंधाच्या एकाच बाजूला राहावीत. उजेडाने किंवा उष्णतेने एक कडे पलीकडे फिरले, तर रेणू तोच दिसतो, पण त्याची वाहिन्या पाडण्याची ताकद जवळजवळ नाहीशी होते.