वांझ करणे सोपे, दणकट ठेवणे कठीण

पहिला पाऊस पडला की मानकुराद आंब्यात किडे पडतात, हे गोव्यात इतक्या ठामपणे सांगितले जाते की मे महिन्यात ढग दाटले की घरोघरी आंबे उतरवायची घाई होते. घाई बरोबर, कारण मात्र चुकीचे. किडा पावसातून येत नाही. फळमाशीची मादी (आंब्यावर मुख्यतः बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस) पिकायला लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात आणि फळ गळले की मातीत जाऊन कोष करतात. हंगाम संपत येईपर्यंत माश्यांची संख्या आधीच वाढलेली असते, आणि ओल्या मातीतून त्यांना बाहेर पडणे सोपे जाते. 2014 साली युरोपीय महासंघाने हापूसवर बंदी घातली ती याच माश्यांमुळे. 2015 मध्ये ती उठली.

फळाच्या आतल्या अळीपर्यंत फवारणी पोहोचत नाही. म्हणून एडवर्ड निपलिंग या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने सुचवलेला उलटा मार्ग मला फार आवडतो: कीड मारायची नाही, वाढवायची. कारखान्यात लाखो नर पैदा करायचे, त्यांना वांझ करून सोडायचे. जंगली मादी अशा नराशी जुगली की तिची अंडी उबतच नाहीत. 1954 साली क्युरासाव बेटावर गुरांच्या जखमांत वाढणारी स्क्रूवर्म माशी अशी संपवली गेली. जपानने ओकिनावा बेटांतून काकडीवर्गीय भाज्यांवरची फळमाशी 1993 पर्यंत हद्दपार केली. औषधाला शेवटच्या चार माश्या शोधाव्या लागतात. वांझ नर त्या स्वतःच शोधतो, म्हणून कीड कमी होईल तसा हा उपाय अधिक धारदार होतो.

वांझ करायला कोबाल्ट-60 चे गॅमा किरण वापरतात, मात्रा साधारण 100 ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचे माप). माणूस 4-5 ग्रेलाच दगावू शकतो. माशी तगते, कारण किरणांचा मोठा फटका विभागणाऱ्या पेशींना बसतो आणि कोषातून निघण्याच्या बेतात असलेल्या माशीत तशा पेशी मुख्यतः जननग्रंथींत आणि आतड्यात उरलेल्या असतात. शुक्रपेशी जिवंत राहते, पण तिची गुणसूत्रे तुटलेली असतात. माशी स्वतः किरणोत्सारी होत नाही. ‘किरण मारलेल्या माश्या आंबा विषारी करतील’ असा संदेश मोबाइलवर आला तर तो खुशाल पुसून टाका.

खरी अडचण इथून पुढे आहे. गॅमा किरण पेशीतल्या पाण्याचे तुकडे करून हायड्रॉक्सिल मूलके, म्हणजे कशावरही झडप घालणारे रेणूंचे तुकडे, तयार करतात. ती डीएनएवर तुटून पडतात, आणि भोवती ऑक्सिजन असेल तर झालेली जखम पक्की होते. ही इजा उडण्याच्या स्नायूंनाही होते, मग नर वांझ होतो पण लुळाही. त्यावरची युक्ती अशी: किरण देण्याआधी कोष हवाबंद पिशवीत ठेवायचे. ते आतला ऑक्सिजन स्वतःच श्वासाने संपवतात. शरीराची इजा घटते, वंध्यत्वासाठी मात्रा थोडी वाढवावी लागते. गंमत पुढे आहे. कॅरिबियन फळमाशीवरच्या प्रयोगांत दिसले की ऑक्सिजनशिवाय काढलेला तासभर नुसता पोकळ जात नाही. त्या ताणामुळे शरीर प्रति-ऑक्सिडीकरणाची (अशी मूलके निकामी करणारी) यंत्रणा आधीच वाढवून ठेवते, आणि पुढे किरणांचा मारा झाल्यावर तीच कामी येते. असे नर अधिक चांगले उडतात आणि जुगतात. थोड्या त्रासाने मोठ्या त्रासाची तयारी होते. तालमीत घाम गाळलेला मल्ल आखाड्यात टिकतो तसे.

दुसरी गळती कारखान्यात होते. ठरलेले तापमान, गच्च पिंजरे, आयते खाद्य आणि शत्रू नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे निवडली जाते ती पिंजऱ्यात पटकन जुगणारी माशी, जिला रानातली मादी नाकारू शकते. अमेरिकेत 1972 साली स्क्रूवर्मने पुन्हा डोके वर काढले तेव्हा काही शास्त्रज्ञांनी बोट ठेवले ते कारखान्यातल्या उष्णतेने निवडलेल्या एका एन्झाइमवर: त्या माश्या थंड सकाळी नीट उडत नसाव्यात. यावर अजून वाद आहे. पण धडा घेतला गेला, आणि निवडीचे हत्यार उलटे वापरता येते हेही कळले. मेक्सिकन फळमाशीच्या बाबतीत कोरड्या हवेत तगलेल्यांचीच पैदास पुढे नेऊन सोशिक वाण तयार केले गेले.

गोव्याच्या दमट मे महिन्यात सुकून मरण्याची भीती कमी. मला इथे उष्णतेला तोंड देणारा नर महत्त्वाचा वाटतो. शिवाय ओकिनावासारखे भोवती पाणी नाही. सिंधुदुर्ग आणि कारवारच्या माश्यांना सीमा कळत नाही, आणि कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत), परसात आंबा संपला तरी पेरू, चिकू असतातच. म्हणून हा उपाय इथे एकट्याने चालेल असे कुणी सांगितले तर मी विश्वास ठेवणार नाही.

सापळे तर लागतीलच. त्यांतले मिथिल युजेनॉल नराला वेड लावते. हे रसायन अनेक तुळशींतही असते, तेव्हा आंब्याखाली तुळस लावली की फळमाशी पळते हा समज उलटाच आहे: नर तिच्याकडे येतो. ते खाऊन तो त्याचे कोनिफेरिल अल्कोहोलसारख्या पदार्थांत रूपांतर करतो, गुदग्रंथीत साठवतो आणि तिन्हीसांजेला पंख फडफडवत मादीपुढे उधळतो. पण मग आपण सोडलेले वांझ नरही आपल्याच सापळ्यात जाणार ना? तर नाही. सोडण्यापूर्वी त्यांना मिथिल युजेनॉल पोटभर खाऊ घातले की त्यांची त्याकडची ओढ बरीच ओसरते, आणि जुगण्यातही ते सरस ठरतात. सापळ्यात मग सापडतो तो बहुतांशी उपाशी रानटी नर.