पंथाच्या विद्यापीठातल्या मुलांसाठी देणगी दिली, मग ८०जीची सवलत अडते कुठे?

जुलैत रिटर्न भरताना हमखास कोणीतरी पावती पुढे करतं: ‘गरीब मुलांच्या फीसाठी पैसे दिले, वजावट का मिळत नाही?’ पावती खरी असते, पैसेही पोचलेले असतात. चूक बहुतेक वेळा पैसे देतानाच झालेली असते.

(इथली माहिती ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या देणग्यांची आहे. त्यानंतर २०२५ चा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात.)

आधी करप्रणाली बघा. नव्या प्रणालीत ८०जी, म्हणजे देणगीवर वजावट देणारं आयकर कायद्याचं कलम, लागू नाही, आणि २०२३-२४ पासून आपण काही निवडलं नाही तर नवीच लागू होते. जुन्या प्रणालीतही ‘५० टक्के वजावट’ म्हणजे अर्धे पैसे परत नव्हेत. १०,००० रुपये दिले तर ५,००० उत्पन्नातून वजा होतात. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह १,०४० रुपये वाचतात. त्यालाही उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे.

पुण्यातल्या औंधच्या स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठासारखी, एखाद्या पंथाने चालवलेली छोटी विद्यापीठं आपल्याकडे मोजकीच. संस्था ख्रिस्ती, जैन वा मुस्लिम आहे एवढ्यावरून सवलत जात नाही. पण संस्थेच्या घटनेत ‘फक्त आमच्या समाजासाठी’ असं लिहिलेलं असेल, तर जाते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्थांना मात्र हा अडसर नाही. आणखी एक गोष्ट: देणगी अनेकदा विद्यापीठाच्या नव्हे, तर ते चालवणाऱ्या सोसायटीच्या खात्यात जाते. म्हणून ज्या नावाने पावती मिळणार, त्याच नावाची आणि त्याच पॅनची ८०जी मंजुरी आयकर पोर्टलवर तपासा. मंजुरीला मुदत असते. जुन्या पत्राची झेरॉक्स बघून समाधान मानू नका.

आता ज्या कागदापायी सर्वाधिक लोक अडतात, तो: फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र. साधी पावती पुरत नाही. संस्थेने वर्षभराच्या देणग्यांचं विवरण १०बीडी या फॉर्ममध्ये आयकर खात्याकडे भरायचं आणि प्रत्येक देणगीदाराला १०बीई द्यायचा, दोन्ही ३१ मेपर्यंत. ही तारीख संस्थेसाठी आहे. अनेकजण ती आपली समजतात आणि मे महिन्यात पैसे भरतात. ते पुढच्या वर्षात जातात. आपली तारीख ३१ मार्च. संस्थेने विवरणच भरलं नाही, तर उशिराचा दंड तिला रोज २०० रुपये, पण रिटर्नमध्ये अडकतो देणगीदार. हे मला अन्यायाचं वाटतं. पॅनचं एक अक्षर चुकलं तरी दुरुस्ती संस्थाच करू शकते, म्हणून पैसे देतानाच पॅन लेखी द्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन करून १०बीई मागून घ्या. मागायला संकोचू नका.

रोख २,००० रुपयांपर्यंतच चालतात. पुस्तकं, संगणक, धान्य दिलंत तर विद्यार्थ्यांना उपयोग होईल, वजावट मिळणार नाही. ओळखीच्या एकाच मुलीची फी थेट भरलीत, तर ती मदत आहे, ८०जीची देणगी नाही.

पावतीवर ‘कॉर्पस’ लिहिलंय का, तेही वाचा. कॉर्पस म्हणजे मूळ निधी: मुद्दल गुंतवून ठेवायची, शिष्यवृत्ती व्याजातून. यंदाच्याच मुलांची फी भरली जावी असं वाटत असेल, तर ‘चालू वर्षाच्या शिष्यवृत्तीसाठी’ असं पत्र सोबत जोडा. अशा एका ओळीच्या पत्राअभावी देणगीदार आणि संस्था यांच्यात कटुता आलेली मी पाहिली आहे.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनी आधी पासपोर्ट बघावा. भारतीय पासपोर्ट असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ठरतात. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच जायला हवेत. चुलतभावाच्या खात्यावर पाठवून ‘तू भर’ असं सांगू नका. त्यात संस्था गोत्यात येते.