क्रीडासंघाचे नामकरण : शहर, राज्य की प्रदेश

सांघिक खेळांत संघाच्या नावाला जोडले जाणारे स्थलनाम शहराचे असावे की राज्याचे, हा क्रीडासंघटनांपुढचा जुना प्रश्न आहे. नागपुरात तो जरा निराळ्या रूपात समोर येतो, कारण नागपूरचा प्रमुख क्रिकेट संघ या दोहोंपैकी कशाच्याच नावाने खेळत नाही. तो विदर्भाच्या नावाने खेळतो, आणि विदर्भ हे शहर नव्हे व आज राज्यही नव्हे.

या नावामागे नियोजनापेक्षा इतिहासाचा वाटा मोठा आहे. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली, तेव्हा या भागाचा संघ ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या प्रांतनामाने उतरत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचा राजधानीचा मान गेला आणि विदर्भाचे मराठी भाषक जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. लगेच पुढच्या वर्षी, १९५७-५८ मध्ये, ‘विदर्भ’ हा संघ रणजी स्पर्धेत प्रथम खेळला. राज्याचेच नाव घ्यायचे ठरले असते, तर तेव्हा ते ‘मुंबई’ असे घ्यावे लागले असते. परंतु त्या नावाचा, मुंबई शहराचा, बलाढ्य संघ आधीपासून होताच. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा तेही नाव मोकळे नव्हते. पुण्यात मुख्यालय असलेला ‘महाराष्ट्र’ संघ १९३४-३५ पासून रणजी खेळत आला होता आणि दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ असे सलग दोनदा विजेताही ठरला होता. राज्याहून संघ पंचवीस वर्षांनी वडील, असा हा प्रकार आहे. परिणामी आज एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात, आणि ‘महाराष्ट्र विरुद्ध विदर्भ’ हा सामना नवख्या वाचकाला कोड्यात टाकतो. गुजरातेत गुजरात, बडोदा व सौराष्ट्र यांची स्थिती अशीच आहे. उलट, राज्याचे नाव बदलताच संघाचेही बदलले, अशी उदाहरणे म्हैसूरचा कर्नाटक आणि मद्रासचा तमिळनाडू ही होत.

‘नागपूर’ हे नाव का नको, याचे उत्तर विदर्भाच्या नकाशातच आहे. संघाचे मैदान आधी सिव्हिल लाइन्समध्ये होते आणि २००८ पासून वर्धा मार्गावरील जामठ्याला आहे. कारभारही नागपुरातूनच चालतो. पण खेळाडू अकरा जिल्ह्यांतून येतात. भारताकडून कसोटी खेळलेला विदर्भाचा पहिला खेळाडू उमेश यादव खापरखेड्याच्या कोळसा खाणींच्या परिसरातला, तर यष्टिरक्षक जितेश शर्मा अमरावतीचा. वऱ्हाडातल्या माणसाला नागपूरच्या नावाने टाळी वाजवायला सांगणे तसे अवघडच आहे. ‘विदर्भ’ म्हटले की अकोला, यवतमाळ, चंद्रपूर सारेच त्यात मावतात. वेगळ्या विदर्भाच्या मागणीमुळे या नावाला राजकीय छटा आहे हे खरे, तथापि संघाचे नाव त्या मागणीचा पुरावा मानणे वरील इतिहास पाहता ताणलेले ठरते.

व्यावसायिक साखळी स्पर्धांत हिशेब वेगळा असतो. तेथे नाव हे तिकीटविक्रीचे व प्रायोजकांचे साधन असते. २००८ च्या आयपीएलमध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता ही शहरे होती, तशीच राजस्थान व पंजाब ही राज्येही होती. हैदराबादच्या संघाने मात्र ‘डेक्कन चार्जर्स’ असे प्रदेशनाम घेतले. तेलंगण आंदोलनामुळे २०१० मध्ये या संघाचे घरचे सामने हैदराबादेत होऊ शकले नाहीत, आणि त्यांतले काही जामठ्याला झाले. नावात शहर नसल्याने तेवढी विसंगती टळली. प्रो कबड्डीत ‘तेलुगू टायटन्स’ने तर थेट भाषेचेच नाव घेतले.

अमेरिकेत हा वाद न्यायालयापर्यंत गेला आहे. १९६१ मध्ये बेसबॉलचा एक संघ वॉशिंग्टनहून मिनेसोटात आला, तेव्हा मिनिआपोलिस व सेंट पॉल या शेजारी शहरांपैकी कोणालाच दुखवू नये म्हणून राज्याचे नाव स्वीकारून तो ‘मिनेसोटा ट्विन्स’ झाला. टोपीवर मात्र ‘टीसी’ (ट्विन सिटीज), म्हणजे जुळी शहरे, ही अक्षरे राहिली. फ्लोरिडा राज्याच्या नावाचा बेसबॉल संघ फ्लोरिडा मार्लिन्स २०१२ मध्ये नव्या मैदानाच्या करारानुसार ‘मायामी मार्लिन्स’ बनला. अ‍ॅनाहाइम शहराच्या ‘एंजल्स’ या बेसबॉल संघाशी झालेल्या करारात संघाच्या नावात शहराचे नाव असावे, एवढेच कलम होते. संघमालकाने २००५ मध्ये ते कलम पाळूनच ‘लॉस अँजेलिस एंजल्स ऑफ अ‍ॅनाहाइम’ असे लांबलचक नाव घेतले. शहराने दावा लावला आणि तो हरला.

संघाचे नाव खेळाडूच्या मुळाविषयी काही सांगतेच असे नाही. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ मध्ये जिंकला. पहिल्या दोन विजयांत मुंबईकर वसीम जाफर संघात होता. तिसरा अंतिम सामना मार्च २०२५ मध्ये जामठ्यालाच संपला. त्यात विदर्भासाठी ८६ व १३५ धावा काढणारा करुण नायर कर्नाटकातून आलेला होता, आणि केरळसाठी ७९ धावा करून विदर्भाला झुंजवणारा आदित्य सरवटे, ज्याने याआधीचे दोन्ही करंडक विदर्भाकडून जिंकले होते, तो नागपूरचा.