किशोरवयीनांची व्यसनमुक्ती (ठाणे परिसर)

दहा ते एकोणीस या वयातल्या मुलामुलींना दारू, तंबाखू व अमली पदार्थांपासून लांब ठेवणे आणि नाद लागलाच तर त्यातून बाहेर काढणे, यासाठीचे काम. मोठ्यांचे उपचार या वयाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. चाळिशीतला माणूस यकृत, नोकरी, संसार पणाला लावून दवाखान्यात येतो. नववीतल्या मुलाचे अजून काहीच गेलेले नसते. त्याला बहुधा आई ओढून आणते आणि ‘मला कुठे व्यसन आहे?’ हे तो मनापासून विचारतो.

दारूची ओळख हळदीच्या मांडवात, गटारीला किंवा थर्टी फर्स्टला ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरवाटेवर होते. पुढे गांजा, ‘बटन’ म्हणजे झोपेच्या गोळ्या, आणि ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन, जे २०१५ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. स्टेशनाच्या आसपास राहणाऱ्या मुलांत पंक्चरचे सोल्यूशन व थिनर हुंगणे दिसते. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण दहा ते सतरा वयात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. यात पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकते.

शाळांत प्रतिबंध म्हणजे अजूनही सडलेल्या फुप्फुसांची चित्रे आणि एक पोस्टर-स्पर्धा. निव्वळ भीती घालून फारसे काही साधत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. मित्राने ग्लास पुढे केला तर हसे न होऊ देता नाही कसे म्हणायचे, याचा वर्गात प्रत्यक्ष सराव करून घेणे त्याहून उपयोगी. ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या ‘आयपीएच’ (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेने मानसिक आरोग्याचा विषय शाळा-पालकांपर्यंत नेला.

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७७नुसार वैद्यकीय सल्ल्याशिवाय मुलाला दारू वा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हळदीत पुतण्याला पेग भरून देणाऱ्या काकांना हे ठाऊक नसते. ‘पोलीस केस होईल’ म्हणून पालक गप्प बसतात, पण अमली पदार्थांच्या कायद्याचे कलम ६४अ, थोडा साठा बाळगणाऱ्या व स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते.

दुसरी अडचण जुनी आहे. १९०१ सालच्या मनोरुग्णालयामुळे ‘ठाण्याला पाठवा’ हा मुंबईकरांचा टोमणा झाला, आणि मानसोपचार म्हटले की घर बिचकते. प्रत्यक्षात बहुतेक मुलांना भरती करावे लागत नाही. समुपदेशक आधी मुलाशी एकट्याने बोलतो. प्यायलेल्याच्या बाइकवर कधी बसलास का, इथपासून सुरुवात होते. मग आईवडिलांसह बैठका होतात, त्यांत वडिलांच्या रविवारच्या बाटलीचाही विषय निघतो आणि बैठक तिथेच तापते. भरती करावीच लागली, तर मानसिक आरोग्य कायद्यानुसार (२०१७) अठराखालच्या रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा नेमलेली सोबतीण अथवा सोबती पूर्णवेळ त्याच्याजवळ राहतो.