मांजरीच्या पोटावरचे केस जातात कुठे?

मांजरीच्या पोटावरचे किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस विरळ झाले की तिला ताण आला असावा, असे निदान हल्ली घरोघरी केले जाते आणि मन शांत करणारे फवारे व गळपट्टे विकत आणले जातात. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक कारणाचा संशय असलेल्या 21 मांजरींची कसून तपासणी झाली, तेव्हा 16 जणींचा त्रास शारीरिक निघाला. निव्वळ मानसिक कारण फक्त दोघींमध्ये आढळले.

अशा मांजरींचे केस बहुधा गळतच नाहीत, त्या ते चाटून तोडतात. त्या भागातले चार केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर हे उघड होते, कारण न चाटलेल्या केसाचे टोक निमुळते असते आणि चाटलेल्याचे मोडलेले. जिभेवरचे केराटिनचे काटे एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरले की तिथले केस टिकत नाहीत.

एवढे चाटण्यामागे असते ती खाज. वरील अभ्यासात अन्नातला एखादा घटक न मानवणे हे सर्वांत मोठे कारण ठरले होते. तरीही आपल्या उष्ण, दमट हवेत पहिला संशय पिसवांवरच घ्यावा. पिसू रक्त पिताना कातडीत लाळ सोडते आणि त्या लाळेतील काही प्रथिनांविरुद्ध अॅलर्जी असलेल्या मांजरीचे शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे कातडीतील मास्ट पेशींवर, म्हणजे अॅलर्जीची प्रतिक्रिया घडवणाऱ्या पेशींवर, जाऊन बसतात. पुढच्या चाव्यात तेच प्रथिन आले की ते शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकत्र जोडते, त्या जोडणीने पेशीला इशारा मिळतो आणि तिच्यातील कणिकांमधले हिस्टामिन हे खाज आणणारे रसायन बाहेर पडून मज्जातंतूंची टोके चेतवते. काही तासांनी इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी तिथे जमतात व दाह लांबवतात. त्यामुळे मोजके चावेही बराच काळ खाजवायला पुरतात. मानेवर किंवा शेपटीच्या बुडाशी केसांत बोटे फिरवली तर बाजरीच्या दाण्यांसारख्या खपल्या लागतात.

“पण आमच्या मांजरीच्या अंगावर एकही पिसू नाही,” हे उत्तर ठरलेले असते. खाज सुटलेली मांजर पिसवा चाटून गिळून टाकते, म्हणून त्या दिसत नाहीत. बारीक दातांच्या फणीने निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. गुदद्वारापाशी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसणे हाही पुरावाच होय, कारण गिळलेल्या पिसवेतून एका जातीचा पट्टकृमी मांजरीच्या पोटात जातो. अंडी, अळ्या आणि कोष गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटींत असल्याने उपचार घरातल्या सर्व प्राण्यांवर आणि अनेक आठवडे करावे लागतात.

मांजरीचा केस पोटात गेल्याने घटसर्प होतो ही समजूत निराधार आहे, कारण तो रोग जिवाणूमुळे होतो. मांजरीकडून माणसाला खरोखर लागू शकतो तो गजकर्ण. गोलसर, कोंडायुक्त चट्टे दिसल्यास बुरशीची तपासणी आधी करून घ्यावी.

कापूर घातलेले खोबरेल मात्र तिला कधीही लावू नये, कारण लावलेले सारे ती चाटते आणि कापूर तिला विषारी आहे. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत असलेले परमेथ्रिन तर तिच्या जिवावर बेतते. अशा रसायनांवर ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून ती शरीराबाहेर टाकण्याची क्षमता मांजरीच्या यकृतात फारच तोकडी असते, त्यामुळे कुत्र्याला सहज पचणारी मात्रा तिला झटके आणते.