सिंगापूरच्या खरेदीवरचा जीएसटी परत कसा मिळवायचा: पात्रता, कागदपत्रे आणि विमानतळावरचा क्रम

सिंगापूरमध्ये 1 जानेवारी 2024 पासून जीएसटी 9 टक्के आहे. पर्यटकाने विकत घेतलेली वस्तू देशाबाहेर नेली, तर हा कर त्याला परत मिळू शकतो. टुरिस्ट रिफंड स्कीम नावाची ही योजना ईटीआरएस या संगणकीय प्रणालीवर चालते, त्यामुळे कागदी फॉर्म भरावा लागत नाही. तरीही पैसे बुडतात, आणि ते बहुधा दोनच जागी: दुकानात मूळ पासपोर्ट जवळ नसतो म्हणून, किंवा विमानतळावर बॅग आधीच चेक-इनला देऊन टाकली म्हणून.

आधी रकमेचा हिशोब. बिल कर धरून 218 डॉलरचे असेल, तर त्यातला कर 18 डॉलर असतो. बिलाच्या रकमेला 109 ने भागून 9 ने गुणायचे. त्यातूनही परताव्याचे काम पाहणारी कंपनी आपले शुल्क कापून घेते, म्हणून हातात थोडी कमी रक्कम येते.

पात्र कोण

वय 16 वर्षे पूर्ण हवे. सिंगापूरचे नागरिक आणि कायम रहिवासी यांना ही योजना लागू नाही. मागच्या 24 महिन्यांत सिंगापुरात 365 दिवसांपेक्षा जास्त मुक्काम झालेला नसावा. तिथे नोकरीच्या परवान्यावर राहणारे आणि डिपेंडंट पासवर आलेले त्यांचे कुटुंबीय साधारणपणे पात्र ठरत नाहीत.

मुलगा-सून तिथे नोकरीला आहेत म्हणून पर्यटक म्हणून राहायला गेलेले आईवडील मात्र पात्र असतात, पण फक्त स्वतःच्या खरेदीपुरते. मुलाने स्वतःसाठी घेतलेला फोन आईच्या पासपोर्टवर दाखवून परतावा मागणे हा गुन्हा आहे. ‘कोणाला कळतंय’ म्हणून हे करू नका. शिवाय वस्तू खरेदीच्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत देशाबाहेर जावी लागते. मुक्काम लांबचा असेल, तर मोठी खरेदी शेवटच्या आठवड्यांवर ठेवावी.

कोणत्या वाटेने बाहेर पडता, यालाही महत्त्व आहे. चांगी किंवा सेलेटार विमानतळावरून निघणाऱ्यालाच विमानप्रवासी म्हणून परतावा मिळतो. आपल्याकडच्या बऱ्याच सहलींमध्ये सिंगापूरहून बसने क्वालालंपूरला नेतात आणि परतीचे विमान तिथून असते. रस्त्याने सीमा ओलांडणाऱ्याला काहीच मिळत नाही. सहलीचा कार्यक्रम हातात आला की हे आधी पाहा.

दुकानात

सगळीच दुकाने या योजनेत नसतात. दारावर ‘टॅक्स फ्री’ची पाटी असली तरी पैसे देण्याआधी विचारून घ्या. कर धरून किमान 100 सिंगापूर डॉलरची खरेदी लागते. त्यासाठी एकाच दिवसाच्या तीन पावत्यांपर्यंत एकत्र धरता येतात, मात्र तिन्हींवर दुकानाचे नाव आणि जीएसटी नोंदणी क्रमांक एकच हवा. 60 डॉलरची चॉकलेटे आज आणि 50 डॉलरचे अत्तर उद्या, असे केले तर दोन्ही वाया.

चायनाटाउन किंवा बुगिस स्ट्रीटवर किचेन, मॅग्नेट, मर्लायनच्या छोट्या मूर्ती स्वस्त मिळतात. तिथले अनेक विक्रेते जीएसटीसाठी नोंदलेले नसतात, कारण वार्षिक उलाढाल 10 लाख डॉलरच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. त्यांनी कर घेतलेलाच नसतो, तेव्हा परत मागण्याचा प्रश्न येत नाही. वाटायच्या वस्तू तिथून खुशाल घ्या आणि महागाच्या वस्तू एका नोंदणीकृत दुकानातून एकाच दिवशी घ्या.

पासपोर्ट मूळच हवा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून खरेदीला निघालात, तर त्या दिवसाचा परतावा गेला असे समजा. व्यवहाराची नोंद झाल्यावर पासपोर्टचा क्रमांक तिथेच ताडून पाहा. आपल्या पासपोर्टवर आधी एक अक्षर आणि पुढे सात आकडे असतात. त्यातला एक आकडा चुकला, तरी विमानतळावरच्या यंत्रात तुमची खरेदी दिसणार नाही.

हॉटेलचे बिल, प्रवेशतिकिटे, भाड्याची गाडी, तिथेच खाऊन संपवलेला खाऊ आणि कुरिअरने पाठवलेला माल यांवर परतावा नाही. विक्रीसाठी नेलेल्या मालावरही नाही. गुंतवणुकीच्या दर्जाचे सोने मुळातच करमुक्त आहे. दागिन्यांवर मात्र कर लागतो.

विमानतळावर

जवळ ठेवायच्या गोष्टी: मूळ पासपोर्ट, खरेदीच्या पावत्या, परतीचे तिकीट आणि वस्तू स्वतः.

चेक-इनच्या बॅगेत जाणाऱ्या मालासाठी इमिग्रेशनच्या आधी, चेक-इन हॉलमधल्या ईटीआरएस किऑस्कवर, म्हणजे आपले आपण वापरायच्या यंत्रावर जायचे, आणि तेही बॅग देण्याआधी. पासपोर्ट स्कॅन करा, प्रश्नांची खरी उत्तरे द्या, खरेदी निवडा आणि पैसे कार्डवर हवेत की रोख, ते सांगा. मंजुरी मिळाली तर बॅग चेक-इनला द्या. तपासणीची सूचना आली, तर त्याच बॅगेसह कस्टम्सच्या काउंटरवर जा. तिथे वस्तू दाखवता आली नाही तर दावा फेटाळला जातो. म्हणून हा माल बॅगेत सगळ्यात वर, एका वेगळ्या पिशवीत ठेवावा. साड्यांच्या घड्यांखाली ठेवलेले अत्तर शोधायला रांगेत वेळ नसतो.

घड्याळ, दागिने, फोन हे हातातल्या बॅगेतच असतात. त्यांचा दावा इमिग्रेशननंतरच्या किऑस्कवर करता येतो. रोख रकमेचा काउंटरही इमिग्रेशनच्या पलीकडेच आहे. मंजुरीनंतर 12 तासांच्या आत देश सोडावा लागतो. गटाने जात असाल, तर बस नेहमीपेक्षा तासभर आधी निघावी असे टूर लीडरला आदल्या दिवशीच सांगा. घरी पोहोचल्यावर मागाहून अर्ज करायची सोय नाही.

भारतात उतरल्यावर

सिंगापूरने कर परत केला म्हणजे आपल्या कस्टम्सची सूट मिळाली, असे नाही. शुल्कमुक्त सामानाची मर्यादा प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र असते. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करून एक महागडी वस्तू तिच्यात बसवता येत नाही. मर्यादेचा आकडा बदलत असतो, निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. त्यापेक्षा जास्तीचा माल असेल, तर कस्टम्सच्या ‘अतिथी’ ॲपवर किंवा रेड चॅनेलवर, म्हणजे शुल्क लागणारा माल असलेल्यांच्या रांगेत, घोषित करा.

दागिन्यांची वेगळी सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून येणाऱ्यांसाठी आहे; पाच दिवसांच्या सहलीवरून येणाऱ्याला ती नाही. सोन्याची नाणी आणि बिस्किटे सर्वसाधारण सवलतीतही बसत नाहीत. ऑर्किडची जिवंत रोपे, बिया आणि बाक क्वासारखे मांसाचे पदार्थ परवान्याशिवाय आणू नका, ते जप्त होऊ शकतात. काया जॅमची बाटली आणायला हरकत नाही, पण ती 100 मिलिलिटरपेक्षा मोठी असेल तर चेक-इनच्या बॅगेतच भरा. त्याआधी तिच्यासकट सगळा माल घेऊन किऑस्कवर जाऊन या.